खूण काढ सतरा

आमच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. पाच वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात अडकली, कडी आतून जाम झाली, आणि सुतार येईपर्यंत चाळीस मिनिटं ती आतून आणि मी बाहेरून एकमेकींना धीर देत बसलो होतो. सुतार आला, त्याने कडी तोडली, आणि आईने ओल्या केसांनीच त्याला फर्मावलं, "आता आलाच आहात तर सगळ्याच काढून टाका." त्याने काढल्या, भोकं लांबी भरून बुजवली, वर रंगाचा हात मारला. तेव्हापासून मी, अडतीस वर्षांची कमावती बाई, दार नुसतं लोटून कपडे बदलते.

खोल्या दोनच. इंटरनेटचा डबा आईच्या खोलीत आहे, म्हणून माझं टेबलही तिथेच. माझी पाठ तिच्या पलंगाकडे, तोंड भिंतीकडे. आई पलंगावर उशीला टेकून बसते आणि माझ्या खांद्यावरून जे काही दिसेल ते बघते. तिचा उजवा गुडघा गेलेला आहे. पलंगावरून उठली की आधी माझी खुर्ची, मग टेबलाची कड, मग दाराची चौकट असं धरत धरत ती स्वयंपाकघरात जाते. दिवसातून दहा वेळा माझी खुर्ची मागे ओढली जाते, आणि दहा वेळा मी काही बोलत नाही.

माझं काम मेलेल्या लिंका शोधायचं. हे सांगितलं की लोक हसतात, पण त्यावरच आमचं घर चालतं. ग्रंथालयांच्या आणि संग्रहालयांच्या वेबसाइट सांभाळणारी एक कंपनी आहे. त्या साइटांवरच्या हजारो लिंकांपैकी कुठली अजून उघडते, कुठली कुठेच जात नाही आणि कुठल्या पत्त्यावर भलत्याच कोणी दुकान थाटलंय, याची यादी मी करते. काम घरून चालतं. फक्त शुक्रवारी ऑफिसात तोंड दाखवून यायचं असतं, आणि त्या शुक्रवारावर मी आठवडा काढते.

बाबा गेले तेव्हा दादा परदेशातून आला होता. पंधरा दिवस राहिला. जाण्याआधी त्याने घरातली सगळी यंत्रं एका खात्यावर आणून ठेवली. माझा लॅपटॉप, माझा फोन, आईचा टॅब, सगळं एकत्र. "म्हणजे आपण सगळे जोडलेले राहू," तो म्हणाला आणि विमानात बसला. तो गेला आणि आम्ही दोघी जोडलेल्या राहिलो. मी ब्राउझरमध्ये एखादं पान जपून ठेवलं की ते आईच्या टॅबवर हजर. तीन वर्षांपूर्वी मी नोकरदार बायकांच्या एका वसतिगृहाचं पान असंच ठेवलं. अजून खुर्चीवरून उठलेही नव्हते, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "ह्या खोलीला खिडकी एकच दिसते गं."

तासाभरात दादाचा फोन. "काही नाही, सहज केला," म्हणाला. आणि मग, "तू तिथे आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे." हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलंय की 'निर्धास्त' शब्द कुठेही वाचला तरी मला दरदरून घाम फुटतो. आई त्यानंतर दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब वाढला. जाऊ नकोस, असं मला कोणीही म्हटलं नाही. तेवढं म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले तरी असते. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्यासारखी लेक मिळायला नशीब लागतं हो." मी हसले आणि वर येऊन वसतिगृहाचं पान पुसून टाकलं.

त्यानंतर मी काळी खिडकी धरली. आमच्या धंद्यातले लोक बरीचशी कामं ह्या काळ्या खिडकीतच करतात. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काही नाही. एका ओळीत हुकूम लिहायचा, एन्टर दाबायचं, खाली उत्तर येतं. लिंका साठवायचाही एक छोटा प्रोग्राम तिच्यात चालतो. लिंक टाकायची, तिला शोधायला सोपी जावी म्हणून एका शब्दाची चिठ्ठी लावायची, आणि क्रमांकाने हवी तेव्हा बोलवायची. सगळं माझ्या लॅपटॉपच्या पोटात राहतं. ना कुठल्या खात्यात जातं, ना टॅबवर उगवतं.

मूळचे हुकूम इंग्रजीत होते. मी हौसेने त्यांना मराठी नावं दिली. खूण टाक. खूण दाखव. खूण शोध. खूण काढ. टाइप रोमन अक्षरांत करावं लागतं, त्यामुळे पडद्यावर खूण आणि खून यांत फरक राहत नाही. पहिले आठ दिवस 'खून टाक' असं वाचून मी एकटीच खुदखुदत होते. उत्तरंही मीच ठरवली होती. काढली की "काढली." नसली तर "अशी खूण नाही." आणि हुकूम वेडावाकडा लिहिला तर "कळलं नाही." जरा गोड लिहिता आलं असतं, पण स्वतःशी कोण गोड बोलतं?

पहिल्या सोळा खुणा प्रोग्राम चालतो का बघायला टाकल्या होत्या, त्यामुळे त्या घरातल्याच होत्या. आईच्या गोळ्यांचं दुकान, गुडघ्याचे व्यायाम, विजेचं बिल, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचं पान, असलं. सतरापासून पुढच्या माझ्या. भाड्याच्या खोल्या. लांबच्या गावांतल्या जागा. जुनी पुस्तकं दुरुस्त करायचा सहा महिन्यांचा वर्ग. एका नदीकाठच्या शहराच्या बसचं वेळापत्रक, तेही नुसतं वाचायला. ह्या सगळ्यांना मी एकच चिठ्ठी लावली होती, 'नंतर'. तीन वर्षांत अशा बत्तीस झाल्या होत्या.

आई कधी खुर्ची धरून थांबायची आणि विचारायची, "हे काय काळं काळं?"

"ऑफिसचं."

"बरं."

ती पुढे जायची आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. घरात एक जागा अशी होती जिथे आईला काही कळत नव्हतं. आईने स्वतः तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी केली होती. 'रेकॉर्डला' होती, एवढं मला माहीत होतं. तिथे ती दिवसभर काय करायची, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं.

मग गेल्या महिन्यात ती मेल आली. आठ तासांच्या अंतरावर एक मोठं अभिलेखागार आहे. तिथे जुन्या वेबसाइट मरायच्या आधी उतरवून जपून ठेवतात. मी मेलेल्या मोजते, ते मरू देत नाहीत. ऑफिसातून, शुक्रवारी, चोरून मी अर्ज केला होता, मुलाखतही ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीतून दिली होती. त्यांनी मला निवडलं. मेलमध्ये एक लिंक होती. ती उघडून फॉर्म भरायचा, दोन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाही भरला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मेल आली तेव्हा आई अंघोळीला गेली होती. मी लिंक उचलून खुणांमध्ये टाकली, 'नंतर' चिकटवलं, मेल पुसली, कचरापेटी रिकामी केली. चार मिनिटं लागली. हातासरशी मी जुनी सतरा नंबरची खूणही काढली. ती त्या वसतिगृहाची होती; माझी पहिली खूण म्हणून मी तीच टाकली होती, आणि ते आता बंद पडलं होतं. आता ह्या प्रोग्रामची एक खोड आहे. मधली खूण काढली की तिची जागा तो रिकामी ठेवत नाही. यादीतली शेवटची खूण उठते आणि त्या जागी येऊन बसते. शेवटची होती ती नोकरीची. ती झाली सतरा.

पुढचे चौदा दिवस मी रोज सकाळी पहिलं काम ते केलं. खूण दाखव सतरा. खाली क्रमांक यायचा, मग लांबलचक पत्ता, मग 'नंतर'. मी बघायचे आणि खिडकी मिटायचे. सोमवारी आईची डोळ्यांची तपासणी होती. बुधवारी दादाचा फोन यायचा होता. शनिवारी तिचा गुडघा दुखत होता. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. जायची वाटत होती आणि न जायचीही वाटत होती, आणि त्या भीतीला मी आईचं नाव देऊन मोकळी झाले होते. शेवटी ठरवलं, शुक्रवारी ऑफिसातून लवकर यायचं, आईला समोर बसवून सांगायचं, आणि तिच्यादेखत दाबायचं.

शुक्रवारी मी नेहमीसारखी लॅपटॉप घरीच ठेवून निघाले, तेव्हा आईने चष्मा दिला. त्याची दांडी निघाली होती, वाटेत दुरुस्त करून आण म्हणाली. चष्मेवाल्याने अर्धा तास घेतला, बस रखडली, आणि घरी पोचले तेव्हा सव्वाचार वाजले होते. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दिवसा ती कधी आडवी होत नाही.

"बरं नाही का गं?"

"बरं आहे."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

मी मनात म्हटलं, आधी लिंक उघडून ठेवू, मग बोलू. लॅपटॉप उघडला. काळी खिडकी उघडली. खूण दाखव सतरा.

"अशी खूण नाही."

मी परत लिहिलं. परत तेच. मग पूर्ण यादी मागवली. एक, दोन, तीन करत सोळापर्यंत आली आणि थांबली. गोळ्यांचं दुकान, गुडघ्याचे व्यायाम, विजेचं बिल, डोळ्यांचे डॉक्टर. माझ्या बत्तीसच्या बत्तीस गेल्या होत्या आणि ज्या सोळा उरल्या होत्या त्या एकूण एक आईच्या होत्या. काय झालं असेल याचा विचार करायलाही डोकं चालेना, नुसतं घड्याळ दिसत होतं. चार वाजून बावीस मिनिटं.

अभिलेखागाराला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, शुक्रवारी चारनंतर चौकशी विभाग बंद असतो, आपण सोमवारी संपर्क साधावा. मी तिला एक शिवी हासडली. आई पलंगावर जराही हलली नाही, आणि हे मला विचित्र वाटलं, कारण एरवी मी नुसतं चक् केलं तरी ती "काय झालं?" विचारते.

मग आठवलं. काळी खिडकी दिलेला प्रत्येक हुकूम लक्षात ठेवते. वरचा बाण दाबत गेलं की आधीचा हुकूम येतो, मग त्याच्या आधीचा, असं मागे मागे जाता येतं. चौदा दिवसांपूर्वी मी लिंक टाकली होती, त्या हुकमात पूर्ण पत्ता असणार. आधी माझेच आजचे दोन-तीन हुकूम आले. मी पुन्हा बाण दाबला.

खूण परत आण सगळ्या कृपया.

मी हे लिहिलं नव्हतं. माझा हात बाणावरच राहिला. परत दाबला.

खूण परत आण सगळ्या.

खूण परत आण सतरा.

खूण परत सतरा.

त्याच्या आधी होतं खूण दाखव, म्हणजे पूर्ण यादी. त्याच्या आधी खूण दाखव सतरा. मग खूण काढ सतरा. मग खूण दाखव सतरा. खूण काढ सतरा. खूण दाखव सतरा. खूण काढ सतरा. मी दाबत गेले आणि तेच येत गेलं, एकाआड एक. काढ, दाखव, काढ, दाखव. मी मोजलं. बत्तीस वेळा.

घरात तेव्हा एकच माणूस होतं.

"आई," मी मागे न बघता म्हटलं, "सतरा नंबर तू काढलास?"

मग भिंतीकडूनच आवाज आला, "एकच काढायचा होता."

"आणि बत्तीस काढलेस!"

"काढला आणि बघितलं, तर सतरा तिथेच. परत काढला, तर परत तिथेच. म्हटलं हे मशीन काही ऐकत नाही, म्हणून काढत राहिले."

"पत्ता वेगळा होता ना दर वेळी! वाचला नाहीस?"

"चष्मा तुझ्याकडे होता."

मी कपाळावर हात मारला. चष्म्याशिवाय तिला क्रमांक दिसला असेल आणि शेवटचं 'नंतर' दिसलं असेल. माझी प्रत्येक खूण उठून सतराच्या जागी येऊन बसत होती, आणि प्रत्येकीच्या शेपटीला मी तेच 'नंतर' बांधून ठेवलेलं.

आई उठून बसली. डोळे सुजलेले होते. "आमच्याकडे असं नव्हतं," ती म्हणाली. "ग्राहकाचा नंबर काढला की जागा रिकामी. कोणी उठून तिथे येऊन बसत नसे. काढायचं आणि दाखवायला सांगून खात्री करायची, हा साहेबांचा नियम होता. तीस वर्षं मी तेच केलं. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं."

"तुला हे कळतं?" मी मूर्खासारखं विचारलं.

"न कळायला काय झालं? मराठीत तर लिहिलंयस."

मला हसावं की रडावं ते कळेना. तीन वर्षं मी तिच्या नाकासमोर, तिच्याच भाषेत, तिच्याच कामाच्या पद्धतीने लपवालपवी करत होते.

"कधीपासून बघतेस?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतीस," आई म्हणाली. "म्हटलं, लपवू दे. घरात एवढं तरी तिचं तिचं असू दे."

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. पण मी भडकले. मग आजच काय झालं, मी विचारलं. तीन वर्षं गप्प बसलीस आणि ज्या दिवशी पाच वाजता मुदत संपते त्याच दिवशी तुला नियम आठवले? तुला हात लावायचा अधिकार कोणी दिला? माझा आवाज चढला होता, समोरच्या काकूंच्या नशिबाच्या कल्पनेला तडा जाईल इतका. ती एक नोकरी होती, आई. पुन्हा नाही मिळायची मला. एकदा तुझा रक्तदाब, एकदा तुझा गुडघा, एकदा दादाची काळजी. मी ह्या खुर्चीवर म्हातारी होणार आहे, आणि तू मागून बघत बसणार आहेस!

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चौदा दिवस."

"काय चौदा दिवस?"

"रोज सकाळी तू तो सतरा नंबर उघडायचीस. मी इथे पडून बघायचे. म्हणायचे, आज दाबते. आज जाते ही. आणि तू मिटायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी तू गेलीस बयो, आणि रोज चहाच्या वेळेला परत आलीस. चौदा वेळा. जायचं असेल तर जा, राहायचं तर राहा. पण हे रोजचं मला नाही सोसवत. म्हटलं, ती दाबत नाही ना, मग मीच काढून टाकते. सुटू दोघी."

"मी दाबणार होते. आज."

"काल पण दाबणार होतीस." ती एकदम तिखट बोलली. "मी तुझा हात धरला होता का?"

"धरला होता!" मी ओरडले. "तू काही न बोलता धरतेस! अर्ध्या ताटावरून उठतेस, तेव्हा काय करतेस?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "हो," ती म्हणाली. "धरते."

एवढंच. ह्या एका शब्दासाठी मी तीन वर्षं थांबले होते, आणि तो आला तेव्हा मला त्याचं काय करावं ते सुचेना.

"मग यादी बघितली," ती हळू आवाजात सांगू लागली. "सोळाच उरल्या. तुझं सगळंच गेलं, हे तेव्हा कळलं. मी त्याला सांगितलं, परत आण. कळलं नाही, म्हणतो. वेगवेगळं लिहून बघितलं. शेवटी कृपया पण लिहिलं. तरी कळलं नाही, कळलं नाही. एवढं काय अवघड बोलत होते मी?"

परत आणायचा हुकूम मी केलाच नव्हता. तो करता आला असता, दोन ओळींचं काम. पण आपण काढलेलं कधी परत लागेल असं मला वाटलं नव्हतं. म्हातारी बाई चष्म्याशिवाय पडद्याला नाक लावून हात जोडत होती आणि मी लिहून ठेवलेले दोन उर्मट शब्द तिला पुन्हा पुन्हा ऐकवले जात होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर घड्याळाचाही विसर पडला.

घड्याळ तिनेच बघितलं. "पावणेपाच झाले. तुझ्याकडे कागदावर कुठे लिहिलेलं नाही का?"

मी वळले आणि बाण दाबत सुटले. आईचे सगळे हुकूम ओलांडले. पलीकडे माझ्या चौदा सकाळी होत्या, मध्ये ऑफिसचं काम, आणि मग आलं, खूण टाक, आणि पुढे दीड ओळीचा पत्ता. मी तो उचलून ब्राउझरमध्ये टाकला, आणि पुन्हा हरवू नये म्हणून पान जपूनही ठेवलं. स्वयंपाकघरात आईचा टॅब टिंग वाजला. वाजू दे, म्हटलं.

फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, शिक्षण. रुजू होण्याची तारीख मी पहिली मिळाली ती निवडली. बोटं भराभर चालत होती. चार बावन्नला शेवटचा रकाना आला.

'आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तींची संख्या.'

खाली बारीक अक्षरांत दोन ओळी. शून्य असल्यास कर्मचारी निवासात खोली लगेच. एक किंवा अधिक असल्यास कुटुंबासाठीचं घर, प्रतीक्षायादी अंदाजे अठरा महिने, घर मिळाल्यावर रुजू व्हावं.

मी एक लिहिलं. हात आपोआपच गेला. मग ते पुसलं. मग रिकाम्या रकान्याकडे बघत बसले.

खुर्ची मागे ओढली गेली. आई उठून मागे उभी होती, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. "काय विचारतंय?"

"काही नाही."

"चष्मा दे."

मी पिशवीतून काढून दिला. तिने तो लावला, वाकली, आणि रकाना वाचला. मग बारीक अक्षरं वाचली. अगदी सावकाश, एकेक शब्द. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"शून्य लिही," ती म्हणाली.

"आई, असं कसं लिहू?"

"पेन्शन मला येते. दादा आहे. तीस वर्षं लोकांचे हे रकाने भरलेत मी, अवलंबून कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस."

"तुझ्या गोळ्या—"

"मला वाचता येतं. बिलं भरता येतात. तू भरतेस म्हणून मी भरत नाही, एवढंच." तिचा आवाज कचेरीतला झाला होता, खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलताना असतो तसा. "लिही. चार मिनिटं राहिलीत."

मी शून्य लिहिलं. आईला मी एका आकड्यात पुसून टाकलं, आणि ते तिच्याच सांगण्यावरून, ती मागे उभी असताना. मग मी बटण दाबलं.

चक्र फिरलं, थांबलं. आपली नोंद झाली आहे, असं आलं, आणि खाली मी भरलेलं सगळं एकाखाली एक. आई ते वाचत गेली. माझं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, ती बरोबर आहे म्हणून मान हलवली. शेवटच्या ओळीपाशी थांबली.

"त्यांना वाटेल, हिला कोणीच नाही," ती म्हणाली, आणि हसली.

मग तिने खुर्चीच्या पाठीवरचे दोन्ही हात काढून घेतले. दारापर्यंत पाच पावलं आहेत. ती टेबल न धरता, चौकट न धरता चालायला लागली. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. मला ते सगळं ऐकू येत होतं. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी उठले असते.